पाण्यात पाहणारी

१

तलाव उघडायचं काम धाकटीचं. तिचं खरं नाव काही धाकटी नव्हतं. पण एकदा तिचा डबा द्यायला आलेल्या भावानं सगळ्यांसमोर "ए धाकटे!" अशी हाक मारली आणि त्या दिवसापासून ती अख्ख्या तलावाची धाकटी झाली. छातीवर जीवरक्षकाचा बिल्ला, गळ्यात शिट्टी, आणि मॅनेजरांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी धाकटी.

सकाळी कुलूप काढायचं. पंप सुरू करायचा; तो सुरू झाला की भिंतीच्या आतून कुणी म्हाताऱ्यानं घसा खाकरावा तसा आवाज यायचा. मग बाटलीत पाणी घेऊन क्लोरीन तपासायचं, कडेच्या फरश्या धुवायच्या आणि शेवटी उथळ बाजूकडून खोल बाजूकडे तळ बघत एक चक्कर मारायची. तळाशी कुणाची क्लिप सापडायची, कुणाचा पोहायचा चष्मा. एकदा कवळी सापडली होती. मालक आठवडाभर कबूल होईना.

तलावाला काचेचं छत होतं. ऊन पडलं की तळाच्या निळ्या फरश्यांवर उजेडाची जाळी हलत राहायची. त्या सकाळी खोल बाजूच्या कोपऱ्यात धाकटीला त्या जाळीला भोक पडल्यासारखं दिसलं. तेवढ्या जागेत उजेड हलत नव्हता.

तिथे माणूस होता. कुशीवर निजलेला, गालाखाली हात घेऊन.

तिनं कपड्यांसकट उडी मारली. कानात दडा बसला, हाताला तळ लागला. गुळगुळीत फरशी. तिनं दोन्ही हातांनी चाचपलं, कोपरा धुंडाळला, छाती फुटायची वेळ आली तेव्हा वर आली. कडेला धरून खोकत असताना तिच्या लक्षात आलं, की कुलूप तर आताच तिनंच काढलं होतं. आत कुणी असणारच कसं?

२

"कपडे धुवायला घरी पाणी येत नाही का?" पैलवान म्हणाला.

पैलवान हा दुसरा जीवरक्षक. खांदे कपाटाएवढे, मिशी आणि आवाज दोन्ही भरघोस. अख्ख्या तलावात त्याच्याइतका पोहणारा नव्हता आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. एका श्वासात पाण्याखालून या टोकाचं त्या टोकाला जायचं, बाहेर येऊन मिशी पिळायची आणि "बोला!" म्हणायचं, हा त्याचा रोजचा खेळ.

"सावली असेल," धाकटी म्हणाली.

"कुणाची? छतावर कोण चढलंय?"

तिलाही तोच प्रश्न पडला होता.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दिसला. तोच कोपरा, तीच कूस. या वेळी तलावात माणसं होती. पोहायला शिकणाऱ्या बायका उथळ पाण्यात फळ्या धरून पाय मारत होत्या. धाकटीनं उडी मारली नाही. भिंतीवरचा लांब बांबू काढला आणि हळूच खाली सोडला. बांबूचं टोक त्याच्या पाठीपाशी गेलं आणि टक् करून फरशीला लागलं. टोकाभोवती उजेडाची जाळी हलत होती. त्याच्या अंगावर मात्र ती येत नव्हती. जवळ येऊन बाजूनं निघून जात होती.

ती डोळे मिटून उभी राहिली. उघडले तेव्हा नुसतं पाणी होतं.

तिसऱ्या वेळेला मात्र राहवलं नाही. शिट्टी वाजली, उडी पडली, पोहणाऱ्यांची पळापळ झाली, एका बाईच्या घोट्याला मार लागला. मॅनेजरांनी तिला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. आधी पाणी दिलं, मग म्हणाले, "हे बघ, लोक घाबरतात. पुन्हा असं झालं तर मला तुला तिकिटाच्या खिडकीवर बसवावं लागेल. तिथून काय बुडायचंय ते बुडू दे."

३

धाकटीची भीती सावलीची नव्हती. तिची भीती घरातली होती.

दादा विशीत आजारी पडला होता. शेजारच्या रिकाम्या खोलीतून आपल्याबद्दल बोलणारी माणसं त्याला ऐकू यायची आणि ती खरीच आहेत यावर त्याचा ठाम विश्वास होता. दवाखाना झाला, औषधं झाली, मधली दोन-चार वर्षं काळोखात गेली. आता तो सायकली दुरुस्त करायचा, गोळ्या वेळेवर घ्यायचा आणि वाईट विनोद करायचा. पण त्या वर्षांत धाकटीनं दाराआडून जे पाहिलं होतं ते तिच्या हाडात मुरलं होतं. मध्यंतरी तिचीच झोप उडाली, मैत्रिणी तुटल्या, अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा दादाच तिला हाताला धरून आपल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. तेव्हापासून ती अधूनमधून जायची. डॉक्टर वयानं आईएवढ्या, बोलायला सरळ.

या वेळी तिनं तळाच्या माणसाचं सगळं सांगितलं.

"आता माझं काय होणार?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "समजा, माझ्यापुढे तीन माणसं बसलीत. तिघांनाही आम्ही जोखमीतली म्हणतो. पहिल्याच्या घरात आजार आहे आणि तो स्वतः अलीकडे कोमेजलाय, पण त्याला वेगळं काही दिसत नाही की ऐकू येत नाही. दुसऱ्याला अधूनमधून काहीतरी दिसतं, पण त्याला स्वतःलाच त्याची शंका येते. तिसऱ्याला काही दिवस सगळं अगदी खरं वाटतं, शंकेला जागाच नसते, आणि मग ते आपोआप विरून जातं. शब्द तिघांना एकच. पण तिघांची जोखीम एक नाही. पहिल्याची सगळ्यात कमी, तिसऱ्याची सगळ्यात जास्त."

"आणि मी?"

"तू इतके दिवस पहिली होतीस. आता दुसरी आहेस." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "नीट ऐक. तिघांतलेही पुष्कळ जण कधीच आजारी पडत नाहीत. आणि पडले तरी लवकर कळलं तर सावरतात. तुझ्या घरात सावरलेला माणूस आहे."

धाकटीनं मान हलवली. पण दवाखान्याचा जिना उतरताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मी पहिली होते, आता दुसरी आहे. म्हणजे यात सरकता येतं.

४

दादाचं दुकान म्हणजे एक दार, एक बाक आणि छताला टांगलेली चाकं. तो पंक्चर काढत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिला.

"बाकीचे लोक एकमेकांना पाण्यात पाहतात," तो म्हणाला, "आमची धाकटी खरोखरच पाहते."

"दादा, चेष्टा नको ना."

"बरं, नको." त्यानं हात पुसले. "तो बोलतो काही?"

"नाही."

"तुला काही करायला सांगतो? तुझ्यावर राग आहे त्याचा?"

"निजलेला असतो नुसता."

"माझे लोक एक मिनिट गप्प बसायचे नाहीत." त्यानं टांगलेलं एक चाक हातानं फिरवलं. "आणि मला एकदाही वाटलं नाही, की हे खोटं असेल. एकदाही. तुला वाटतं. ज्या दिवशी वाटायचं थांबेल ना, त्या दिवशी मला सांग. लाजू नकोस. मी उशीर केला होता."

घरी जाताना धाकटीला हलकं वाटलं. शंका होती तोवर ती कठड्याच्या अलीकडे होती. तिनं ठरवलं, शंका जपायची. जिवापाड जपायची.

५

रोज पोहायला येणाऱ्यांत एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. डोक्याला घट्ट टोपी, नाकाला चिमटा, पोहण्याची चाल बैलगाडीची. अख्खी हयात फळ्यापुढे काढल्यामुळे आवाज मात्र तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचायचा. त्या दिवशी त्यांना हुक्की आली, खोल बाजूच्या कोपऱ्यातून उडी मारायची. त्या काठावर उभ्या राहिल्या, हात पुढे केले.

"तिथून नको हो," धाकटी टॉवेलांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "तो झोपलाय ना तिथे. पलीकडून मारा."

मास्तरीणबाईंनी वळून पाहिलं. "कोण झोपलाय?"

धाकटीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

तिनं मुद्दाम काहीच म्हटलं नव्हतं. एखाद्याच्या घरी बाळ निजलेलं असावं आणि आपण आपसूक आवाज खाली आणावा, तसं ते तोंडातून निघून गेलं होतं. खरी भीती पुढच्या विचारात होती. किती दिवसांपासून आपण या कोपऱ्याला वळसा घालून जातोय? झाडू मारताना इथे पाय हलका का ठेवतोय? शंका कधी गेली तेच तिला कळलं नव्हतं. जाताना शंकेनं दाराचा आवाजही केला नव्हता.

"कोण गं?" मास्तरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"कुणी नाही. घसरतं तिथे."

मास्तरीणबाईंनी टोपी घट्ट केली. मग पलीकडे गेल्या आणि धबकन उडी मारली. पाणी हेलावलं. धाकटीनं कोपऱ्याकडे मान वळवली नाही. त्या हेलकाव्यानं त्याची झोप मोडली असेल का, हा विचार मनात आला आणि तिला रडूच फुटलं.

६

तिनं लपवलं नाही. दादाला सांगितलं आणि दादानं तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला.

"उद्या दुपारी ये," डॉक्टर म्हणाल्या. "औषधाचं बघू. घाबरून जाऊ नकोस. एका वाक्यानं कुणी तिसरं होत नाही. उद्या कामावर जाणार असशील तर एकटीनं पहारा करायचा नाही. जोडीला कुणीतरी हवं."

"पैलवान आहेत."

"मग ठीक."

फोन ठेवल्यावर दोघं भाऊबहीण दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. समोरच्या रस्त्यावरून माणसं घरी चालली होती.

"दादा, मला सोडूनच द्यावी लागणार ही नोकरी. ज्या जीवरक्षकाला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही तो काय कामाचा? खरं कुणी बुडत असलं तर मला कसं कळणार?"

"नाही कळणार," दादा म्हणाला.

तिनं झटकन त्याच्याकडे मान वळवली.

"नाही कळणार तर नाही कळणार. उडी मारायला खात्री कशाला लागते? पाण्यात कुणी नसलं तर तू भिजशील. लोक हसतील. हसू दे की! लोक हसतात त्याला मी दहा वर्षं पुरून उरलोय."

"आणि मॅनेजर?"

"तिकिटं फाड खिडकीत बसून. त्यात काय?" त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली. "आहे की नाही हे ठरवणं डॉक्टरांचं काम. तुझं काम उडी मारायचं. दोघींची कामं एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन लख्ख पडलं होतं. मास्तरीणबाई उथळ बाजूला पायऱ्यांवर बसून नाकाला चिमटा लावत होत्या. दुसरं कुणी अजून आलं नव्हतं. मॅनेजर आपल्या खोलीत होते, दार उघडं होतं. पैलवान मिशीला पीळ देत म्हणाला, "तू क्लोरीन तपास, तोवर मी दोन फेऱ्या मारून घेतो." आणि पाण्यात शिरला.

धाकटी बाटलीत थेंब टाकत होती. पंपाचा घसा खाकरत होता. पाणी किंचित चुबकत होतं. मग चुबकणं थांबलं.

बाटलीतला रंग हळूहळू पिवळा होत गेला. रंग ठीक होता. आवाज ठीक नव्हता. या वेळेपर्यंत पलीकडून "बोला!" यायला हवं होतं.

ती उठली आणि खोल बाजूला आली.

कोपऱ्यात तो होता. आणि आज त्याच्या शेजारी आणखी एक होता.

दोघं शेजारी शेजारी निजले होते, एकाच घरातल्यासारखे. धाकटीच्या डोक्यातलं शहाणपण अगदी शांतपणे बोलू लागलं. काल एक होता, आज दोन झाले. आजार वाढला. हेच होतं, असंच होतं. पैलवान कपडे बदलायच्या खोलीत गेला असेल. आतापर्यंत दोनदा उडी मारलीस ना? आता जागची हलू नकोस. दुपारी डॉक्टरांना सांग. शहाण्या मुलीसारखी सांग.

सगळं खरं होतं. एकही शब्द खोडता येण्यासारखा नव्हता.

तिनं शिट्टी दातात धरली, जीव खाऊन फुंकली आणि उडी मारली.

खाली जाताना सगळं निळं आणि धूसर होतं. कानात दडा. दोन आकार. तिनं हात लांब केला आणि तेवढ्यात जवळच्या आकाराच्या पाठीवरून उजेडाची जाळी सरसरत गेली. खांद्यावरून कमरेवर, कमरेवरून पुन्हा खांद्यावर. कपाटाएवढे खांदे. तिनं त्याच्या काखेत हात घातला. बोटांना मांस लागलं, केस लागले. जड, लिबलिबीत, खरं.

तिनं तळाला पाय रेटला.

आणि तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, की दुसरा उठून बसला होता. पाठमोरा होता. झोपमोड झालेला माणूस बसतो तसा, हात टेकून. त्याची मान हळूहळू तिच्याकडे वळत होती. आता गाल दिसणार होता. आणखी थोडं थांबलं असतं तर चेहरा दिसला असता आणि तो कोण आहे ते कायमचं कळलं असतं. इतके दिवस दिसायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर होतं. बघायचं की नाही ते आज पहिल्यांदाच तिच्या हातात होतं.

तिनं तोंड वर केलं. वर उजेड होता. तिनं त्या उजेडाकडे लाथा मारल्या.

पाणी फुटलं. "बाई!" ती ओरडली. "धरा!"

मास्तरीणबाई त्या वयात तलावाच्या कडेनं धावत आल्या. शिट्टी ऐकून मॅनेजर एका पायात चप्पल घालून आले. दोघांनी वरून ओढलं, तिनं खालून खांदा लावला आणि पैलवानाचं ते धूड फरशीवर आलं. ओठ जांभळे. मिशी ओठांना चिकटलेली. छाती हलत नव्हती.

"अँब्युलन्स!" धाकटी म्हणाली, आणि मॅनेजर फोनकडे पळाले.

तिनं त्याची हनुवटी वर केली, नाक चिमटलं, तोंडाला तोंड लावून श्वास सोडला. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा. पुन्हा. मग तळहातावर तळहात ठेवून छाती दाबू लागली. मास्तरीणबाई शेजारी गुडघ्यांवर बसून वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तशा खणखणीत आवाजात मोजू लागल्या. धाकटीचे दंड भरून आले. तिला रडू येत नव्हतं, भीती वाटत नव्हती, कोपऱ्याची आठवणही नव्हती. हाताखाली एक छाती होती आणि ती हलवायची होती, एवढंच जगात उरलं होतं.

पैलवानाच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मग पाणी आलं. मग तो खोकला. छत दणाणलं असा खोकला.

"आला!" मास्तरीणबाई ओरडल्या. "आला गं, धाकटे, आला!" आणि त्यांनी ओल्या धाकटीला ओल्या मिठीत घेतलं.

८

"पाण्याखाली श्वास रोखून धरला की असं होतं," अँब्युलन्सबरोबर आलेला माणूस मॅनेजरांना सांगत होता. "माणूस गुपचूप बेशुद्ध पडतो. हात मारत नाही, ओरडत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांचंच होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर आम्ही येऊनही उपयोग नव्हता. कुणी पाहिलं याला?"

मॅनेजरांनी धाकटीकडे बोट केलं. एका पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि म्हणाले, "खिडकीवर दुसरं कुणीतरी बघावं लागणार."

दुपारी धाकटी ओल्या केसांनी डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. दुसरा उठून बसल्याचंही सांगितलं. डॉक्टरांनी मध्येच अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तू आज एक माणूस वाचवलास म्हणून तुझी जोखीम कमी झाली, असं मी म्हणणार नाही. औषध सुरू करू. दर आठवड्याला यायचं. पण एक सांगते, इतकं सगळं न लपवता सांगणारी माणसं माझ्याकडे फार थोडी येतात."

"तो होता का, डॉक्टर?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. आणि दवाखान्यात बसून कुणी एवढं प्रामाणिक बोलू शकतं, याचं धाकटीला फार बरं वाटलं.

पैलवान आठवड्यानं कामावर आला. मिशी बारीक केली होती. धाकटीपाशी येऊन उभा राहिला, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत.

"खाली..." तो म्हणाला. "मी पडलो होतो तिथे..."

"बोला ना."

तो कोपऱ्याकडे बघत होता. मग त्यानं मान झटकली. "काही नाही. उपकार झाले तुझे."

त्यानंतर तो उथळ बाजूच सांभाळायचा. खोल बाजू धाकटीकडे आली. तळाशी अधूनमधून जाळीला भोक पडायचं, औषधानंतर कमी पडू लागलं, मग महिनोन्‌महिने पडलंच नाही. पडलं की ती दिवस लिहून ठेवायची आणि डॉक्टरांना दाखवायची. दोनदा तिनं उडीही मारली. एकदा पाण्यात कुणीच नव्हतं. पोहणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही.

९

पुढच्या उन्हाळ्यात दादा तलावावर आला. दुकानाला सुटी होती. आखूड चड्डीत, काटकुळे पाय, हातांवर न निघणारे तेलाचे डाग.

"मलाही शिकव," तो म्हणाला. "सगळ्या गावाला शिकवतेस."

ती त्याला उथळ बाजूला घेऊन गेली. आडवं झोपवलं, पाठीखाली हात धरला. त्यानं डोळे गच्च मिटले होते, मान ताठ, मुठी आवळलेल्या.

"कान बुडू देत. पोट वर. श्वास घे."

"बुडतोय मी."

"नाही बुडत. माझा हात आहे."

काठावर मास्तरीणबाई नाकाचा चिमटा काढून बघत उभ्या होत्या. पैलवान पलीकडून सूचना ओरडत होता, त्यांतली एकही कुणी ऐकत नव्हतं. हळूहळू दादाच्या मुठी सुटल्या. खांदे सैल झाले. काचेच्या छतातून आलेलं ऊन त्याच्या पोटावर चमकायला लागलं.

"सोडू?" धाकटीनं विचारलं.

त्याचे कान पाण्यात होते, पण त्यानं ऐकलं. "सोड," तो म्हणाला.

तिनं हात काढून घेतला. दादा थोडा खाली गेला, पुन्हा वर आला आणि तरंगत राहिला. त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. आणि इतक्या मोठ्यानं हसला की तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, तरी हसतच राहिला.